तपासणी झाली होती, मंत्रिमहोदय

माननीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याचं पत्र मंगळवारी मिळालं. ‘सदर भागाची अधिकृत दुरुस्ती केंद्रात तपासणी झालेली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ पाच महिन्यांनी आलेलं उत्तर एवढंच. उजव्या हातात धरून वाचलं, डावा अजून खांद्याच्या वर जात नाही.

तपासणी झाली होती, हे खरं आहे. माझी तक्रारच त्या तपासणीबद्दल होती. ती कुणी वाचली तरी का?

माझ्या सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या कार्बन चिमट्याचा रिकॉल निघाला होता, म्हणजे त्यात दोष असू शकतो असं सांगून कंपनीने तो दुकानात तपासून घ्यायला सांगितलं होतं. चिमट्याची नळी फ्रेमच्या आतून वर जाऊन हँडलला मिळते आणि तडा जातो तो नेमका या झाकलेल्या भागात. तो पाहायचा तर हँडल सोडवायचं, चिमटा खाली ओढून बाहेर काढायचा, बेअरिंगच्या बैठकीवरचं ग्रीस पुसायचं आणि नळी उजेडात फिरवून बघायची. माझी सायकल तर स्टँडवरही चढली नाही. मेकॅनिकने पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं. त्यातून फार तर बेअरिंग ढिली आहे की नाही ते कळतं. मग बाहेरून टॉर्च फिरवला, “ओके आहे ताई” म्हणाला आणि यादीत खूण केली.

एकोणिसाव्या दिवशी उतारावर ती नळी तुटली. हँडल हातात राहिलं आणि चाक गेलं दुसरीकडे. कॉलरबोनचे तीन तुकडे, एक प्लेट, सात स्क्रू, पुढचे दोन दात. अकरा आठवडे कामावर जाता आलं नाही. माझे केस अजून माझी मुलगी बांधते. रात्री कूस बदलताना प्लेट टोचते आणि जाग येते, तेव्हा तो “ओके” आठवतो.

त्या मेकॅनिकवर माझा राग नाही. त्याला कंपनीकडून एक पानभर सूचना आली होती. दाराशी दुरुस्तीच्या सायकली खोळंबलेल्या. चिमटा उतरवून परत बसवायला जो वेळ लागतो, तो त्याला कोण भरून देणार होतं? धोका ओळखण्याचं कारखान्याचं काम त्याच्या डोळ्यांवर ढकललं गेलं आणि आपल्या खात्याने ते चालवून घेतलं.

हे एका चिमट्यापुरतं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने अमेरिका आणि कॅनडात ७,६०,००० क्रँकचा, म्हणजे पेडल ज्याला बसतं त्या दांड्यांचा, रिकॉल काढला. २०१२ ते २०१९ या काळात बनलेले, ॲल्युमिनियमचे दोन भाग चिकटवून जोडलेले क्रँक. ते सुटल्याच्या ४,५१९ घटना नोंदल्या होत्या. उपाय काय, तर दुकानात नेऊन दाखवा. जोड उकलल्याची खूण दिसली तर नवा मिळेल, नाही दिसली तर तोच घेऊन घरी जा. चिकटवलेला थर असतो आत. आज काठावर फट नाही, म्हणून पुढच्या वर्षी नसेल असं कोण सांगणार?

आता ट्रेक या सायकल कंपनीचा २०१५ सालचा रिकॉल पाहा. पुढच्या चाकाची क्विक रिलीजची, म्हणजे चाक हाताने सोडवायची, दांडी जास्त उघडून डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होती. घटना नोंदल्या होत्या तीन, त्यातल्या एका माणसाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्या दोन देशांतल्या सुमारे दहा लाख सायकलींसाठी नव्या दांड्या फुकट देऊ केल्या, ‘बघून ठरवू’ कुणी म्हटलं नाही. तीन घटनांवर सरसकट बदली आणि साडेचार हजारांवर टॉर्च! दांडी स्वस्त असते आणि क्रँक महाग, याखेरीज मला तरी कारण दिसत नाही.

रिकॉल झालेल्या सगळ्या भागांची एकत्र नोंदवही सर्वांसाठी खुली करू, असं आपण गेल्या वर्षी सभागृहात म्हणाला होतात. कुठे आहे ती? जुनी सायकल विकत घेणाऱ्याला कंपनीची सूचना येत नाही, ती पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. तडा मात्र सायकलबरोबर नव्या घरी येतो.

माझ्या मागण्या दोन. जो भाग उतरवल्याशिवाय तपासताच येत नाही, तो सरसकट बदला. आणि तपासणी करायचीच असेल, तर काय उतरवलं, भागावरचा कोणता कोड वाचला, कुणी पाहिलं हे लिहिलेली पावती गिऱ्हाइकाच्या हातात द्या. त्या वेळेचे पूर्ण पैसे दुकानाला कंपनीने द्यावेत.

पण खरं सांगू? आता पावतीचीही भीती वाटते. लिफ्टला शिक्का असतो, पुलाला असतो, शाळेच्या बसला असतो. माणूस पडला की तोच शिक्का पुढे करून सगळे मोकळे होतात. माझ्या बाबतीत आपल्या खात्याने दुसरं काय केलं? ज्या खुणेने मला पाडलं, तीच खूण दाखवून माझी फाईल बंद केली.

तुटलेला चिमटा मी जपून ठेवला आहे. नळीच्या तोंडावर अर्धा भाग काळपट, मळलेला आहे आणि अर्धा लख्ख, म्हणजे तडा आधीपासून होता. आपल्या एकाही अधिकाऱ्याने तो पाहायला मागितलेला नाही. कोणाच्या टेबलावर आणून ठेवू, एवढं लेखी कळवावं.

आपली,
एक सायकलस्वार