चौक बुजवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान घर मोठं आणि उजेडाचं कसं करावं यावर लेख वाचला. आरसे लावा, फिकट पडदे लावा, सोफा-कम-बेड घ्या. सोबतचे फोटो मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचे. फ्लॅटला निदान एका अंगाला गॅलरी असते. आमच्या बेळगावच्या शहापूर, खासबाग, वडगावातल्या घरांना दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत, तिथं खिडकी पाडायची कुठं? आणि जिथं उजेडच पोचत नाही तिथं आरसा लावून काळोखच बघायचा. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचं घर शहापुरात, 13 फूट रुंद आणि 46 फूट लांब. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे पुढची खोली, माजघर, मधे वरून उघडा असा एवढासा चौक, मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसू. गल्लीतली बहुतेक जुनी घरं याच धाटणीची. खिडकीच्या चौकटीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत जातो, असा इंजिनिअर लोकांचा ढोबळ हिशेब आहे. आमची वरची कड 7 फुटांवर. म्हणजे पुढून 14-15 फूट उजेड, मागून तेवढाच, आणि मधले निदान 16 फूट भर दिवसा अंधारात. जुन्या लोकांनी चौक ठेवला तो नेमका या 16 फुटांत.

तो चौक मी लग्न होऊन येण्याआधीच पत्रा घालून बंद झाला होता. पाणी येतं, मांजर येतं, चोर येतो. कारणं काही खोटी नव्हती, आपला पाऊस एकदा लागला की गणपती होईपर्यंत पाठ सोडत नाही. पण पत्र्यानं पावसाबरोबर उजेडही अडवला. माजघरात तांदूळ निवडायला सकाळी अकरालासुद्धा ट्यूब लावावी लागायची.

दुरुस्ती काढली तेव्हा पहिला कंत्राटदार म्हणाला, "बाई, कौलं काढा, सरसकट स्लॅब टाका, वर एक खोली भाड्यालाही निघेल." गल्लीत तेच चाललंय आणि भाड्याचा मोह कुणाला नसतो? पण स्लॅब येणार 10 फुटांवर, आमचं आढं आहे 16 फुटांवर. रुंदी तर इंचभरही वाढणार नाही. घर मोकळं वाटतं ते डोक्यावरच्या त्या उंचीमुळेच. शिवाय दोन्ही भिंती दगडमातीच्या आणि सामाईक, शेजाऱ्यांच्या तुळयांची टोकं त्यांत रुतलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये अशा किती मातीच्या भिंती बसल्या ते जिल्ह्यानं पाहिलंय. त्या भिंतींना धक्का लावायचा नाही असं घरात ठरलं. कंत्राटदार गेला आणि एक वयस्कर गवंडी आले.

त्यांनी आधी वर पाहिलं. सोप्यात सासऱ्यांचा खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग होता. विणकराला तुटलेला धागा दिसलाच पाहिजे, म्हणून मागाशेजारी जमिनीपासून हातभर उंचीवर गजांची खिडकी, आणि डोक्यावर काचेची कौलं. माग गेला, खड्डा भरला, खिडकीपुढं शोकेस आली, आणि काचेच्या कौलांवर धूर नि शेवाळ बसून ती मातीच्या कौलांसारखीच दिसू लागली. गवंड्यांच्या पोरानं ती उतरवली, धुण्याच्या सोड्यानं घासली आणि पुन्हा बसवली. शोकेस हलवली. एवढ्यावरच सोपा ओळखू येईना! नवीन काचेची कौलंही घेतली, पण सगळी उत्तरेच्या उतारावर. दक्षिणेला घातली असती तर मार्चच्या उन्हात खाली बसवलं नसतं.

मग चौक. पत्रा काढला, कडेनं दीड फूट उंचीचे विटांचे खांब उभे केले आणि त्यांच्यावर पारदर्शक पॉलीकार्बोनेटचं छत घातलं, चारी बाजूंना फूटभर बाहेर काढून. खांबांच्या मधे लोखंडी जाळी. मांजर आणि चोर दोघांनाही तीच पुरे. तापलेली हवा वर चढून जाळीतून निघून जाते आणि पुढच्या दारातून गार हवा ओढली जाते. गवंडी कानडीत म्हणाले, "अक्का, गाळी-बेळकु एरडू बर्ताव्री." म्हणजे वारा नि उजेड दोन्ही येतात. तसंच झालं. फक्त पश्चिमेकडं जाळीऐवजी काच लावली, कारण आडवा पाऊस तिकडूनच मारतो. छताचं पाणी पाइपानं परसातल्या आडात सोडलंय; पहिले एक-दोन पाऊस तेवढे बाहेर काढून द्यायचे.

बाकी फार काही केलं नाही. माजघरावरचा माळा काढला, न्हाणीवरचा ठेवला. मातीच्या भिंतीवर पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. त्यानं ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात, म्हणून तो खरवडून चुन्याचा केला. पांढरा चुना पडलेल्या उजेडापैकी सुमारे 80 टक्के परत फेकतो, गडद हिरवा ऑइलपेंट बहुतेक सगळा गिळून बसतो. दोन फूट जाडीच्या भिंतीतले जुने कोनाडे मोकळे करून त्यांत फळ्या बसवल्या, म्हणजे दोन कपाटं कमी झाली. नवीन कोनाडा मात्र सामाईक भिंतीत शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कोरू नये, त्यावरून दोन पिढ्यांचं बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. जमिनीचा लाल कोबा तसाच ठेवला, घासून मेण लावलं. काळपट दिसतो म्हणून सून कुरकुरते. कुरकुरू दे.

ज्यांना स्लॅबच घालायचा आहे त्यांनी घालावा, वरची खोली ही पुष्कळांची गरज आहे. पण सेंट्रिंग लागण्याआधीच 5 बाय 6 फुटांचा चौक नकाशात धरून ठेवावा. काँक्रीट पडल्यावर भोक पाडायचं म्हणजे सळ्या तोडणं आलं. शेजारी दोन मजले चढले तर चौकाचा उजेड निम्म्यावर येतो, हेही खरं. त्याला आमच्याकडं तरी उपाय नाही.

संपादक महाशय, एक विनंती आहे. पुरवणीत आपल्याच गल्ल्यांतली घरं छापा, मोजमापासकट आणि गवंड्यांच्या नावासकट. आमच्या घराचा फोटो काढायला कुणी येणार असेल तर खुशाल यावं. दुपारी 12 नंतर यावं, तोवर चौकात धुणं असतं. आणि फोटोसाठी ट्यूब लावायला सांगू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव