बाबा, अंधेरीत बघितलेला तो फोर्लान

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोन कट झाला आणि बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही विचारत होतात की तिकडे उरुग्वेत, मॉन्टेव्हिडिओत फुटबॉल बघतेस की नाही, तर त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नाहीये म्हणून लिहायला बसलेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा चष्म्याचा नंबर बदललाय आणि नवीन चष्मा अजून केलेला नाही हे मला माहितीय.

२०१६ चा नोव्हेंबर आठवतोय ना? नोटाबंदीला दहा-अकरा दिवस झालेले, तुम्ही सकाळी बँकेच्या लायनीत चार तास उभे होतात आणि पाय दुखत असताना पण संध्याकाळी माझ्यासोबत वीरा देसाई रोडला आलात, मुंबई सिटीची मॅच होती, समोर सचिनची केरळा ब्लास्टर्स. आपण ५-० जिंकलो आणि त्यातले तीन गोल एकट्या उरुग्वेच्या दिएगो फोर्लानचे. स्टेडियम इतकं छोटं की तो कॉर्नर घ्यायला आला तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि तुम्ही मला म्हणालात, बघ, याला कळतच नाहीये की याचा उजवा पाय कुठला आणि डावा कुठला. मी ते अजून विसरले नाहीये. पण घरी येताना रिक्षात तुम्ही असंही म्हणालात की हे लोक म्हातारपणी इकडे येतात ते दोन पैसे गाठीला बांधायला. तेव्हा मला त्याच्याबद्दल २०१० च्या वर्ल्डकपचा गोल्डन बॉल (स्पर्धेतल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस) सोडून काही माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आता दीड वर्ष त्याच्याच गावात राहतेय, आणि बाबा, तुमचं ते वाक्य मला खोडायचंय.

त्याचे वडील पाब्लो फोर्लान इथल्या पेन्यारोल क्लबचे डिफेंडर, १९६६ ला कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेल्या टीमचे, उरुग्वेकडून दोन वर्ल्डकप खेळलेले. आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो अर्जेंटिनात इंडिपेंडियेंतेकडून खेळले आणि पुढे उरुग्वेचे कोच झाले. एवढं सगळं घरात असून हा पोरगा लहानपणी टेनिस खेळायचा, चांगला खेळायचा. १९९१ मध्ये तो बारा वर्षांचा असताना मोठी बहीण आलेहान्द्रा हिचा कार ॲक्सिडेंट झाला, तिचा मित्र त्यात गेला आणि ती कायमची व्हीलचेअरवर आली. तिच्या उपचारांना पैसा लागणार म्हणून आपण फुटबॉलर व्हायचं असं त्याने तेव्हा ठरवलं, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आई, मागच्या वर्षी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे रात्री अडीचला उठून दादाच्या मेसेजची वाट बघत होते, तेव्हापासून हा बारा वर्षांचा मुलगा माझ्या डोक्यातून जातच नाही. आलेहान्द्राने पुढे रस्ते सुरक्षेसाठी फाउंडेशन काढलं, इथे लोक तिचं नाव आदराने घेतात.

सुरुवात त्याने आजोबांच्याच क्लबकडून केली, इंडिपेंडियेंते, १९९८. तिथे गोल करत राहिला आणि जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने जवळजवळ सत्तर लाख पाउंड देऊन नेलं. आणि मग बाबा, आठ महिने एकही गोल नाही! सत्तावीस मॅच. परका देश, तिथली थंडी, पेपरवाले रोज चेष्टा करणार, आणि घरी बहिणीला वाटत असेल की माझ्यामुळे हा तिथे अडकलाय (हे माझं आपलं). शेवटी सप्टेंबरमध्ये मक्काबी हैफाविरुद्ध पेनल्टी मिळाली आणि बेकहॅमने ती याला घेऊ दिली, तेव्हा खातं उघडलं. नंतर साउथॅम्प्टनविरुद्ध जिंकवणारा गोल केल्यावर आनंदात शर्ट काढला, तो परत घालता येईना, आणि मॅच सुरू झाली तरी हा शर्ट हातात धरून उघड्या अंगाने पळतोय, तो व्हिडिओ दादाला लावायला सांगा. मग १ डिसेंबर २००२ ला लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोल मारले आणि मँचेस्टरवाल्यांनी त्याच्यावर गाणंच केलं. आकडे बघितले तर युनायटेडमध्ये तो फेल ठरतो, ९८ मॅचमध्ये १७ गोल. पण ते लोक आजही त्याचं नाव प्रेमाने घेतात, कारण गोल होत नव्हते तेव्हाही त्याने पळणं सोडलं नव्हतं.

२००४ ला तो स्पेनला विलारियालला गेला, पन्नासेक हजार वस्तीचं, टाइल्सच्या कारखान्यांचं गाव. पहिल्याच सीझनला २५ गोल, ला लीगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, सगळ्यात जास्त, आणि युरोपातल्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला मिळणारा गोल्डन शू थिएरी ऑन्रीबरोबर वाटून. पुढच्या वर्षी एवढुसा क्लब चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, सेमीफायनलला पोचला, आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत रिकेल्मेची पेनल्टी लेहमनने अडवली नसती तर कदाचित फायनलला पण. मग २००७ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद, तेही फर्नांडो टोरेस सोडून गेल्यावर, म्हणजे लोकांच्या लाडक्याची जागा घ्यायची. २००८-०९ ला ३२ गोल आणि परत गोल्डन शू. १२ मे २०१० ला हॅम्बुर्गमध्ये युरोपा लीगची फायनल, फुलहॅमविरुद्ध २-१, दोन्ही गोल याचे, दुसरा ११६ व्या मिनिटाला, पेनल्टी शूटआउटला चारच मिनिटं उरलेली असताना. अ‍ॅटलेटिकोला त्याआधी चौदा वर्षं एकही मोठी ट्रॉफी नव्हती. आज त्यांचा जो काही रुबाब आहे ना, तो माझ्या मते त्या रात्रीपासून सुरू झाला.

इंटर मिलानचं वर्ष वायाच गेलं, दुखापती, आणि आधी अ‍ॅटलेटिकोकडून युरोपा लीगची मॅच खेळलेला म्हणून चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळता येईना. नंतर ब्राझीलमध्ये इंटरनॅसिओनाल, मग जपानमध्ये सेरेझो ओसाका, तिथे तर पहिल्याच पत्रकार परिषदेत जपानीत बोलला, पण टीम त्याच वर्षी खालच्या लीगमध्ये घसरली.

आणि बाबा, आता तुमच्यासाठी खास. २०१५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो पेन्यारोलला आला, वडिलांच्या क्लबला. लहानपणी तिथल्या ज्युनियर टीममध्ये होता, पण सीनियर म्हणून तो शर्ट त्याने कधीच घातला नव्हता. तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंत म्हणून सांगते, पेन्यारोलवाले आपला जन्म १८९१ चा मानतात आणि तेव्हाचं नाव होतं सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब! रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या लोकांचा क्लब, पिवळा-काळा रंग रेल्वेचा, आणि अजूनही त्यांना कोळसेवाले म्हणतात. मार्च २०१६ मध्ये त्यांचं स्वतःचं नवीन स्टेडियम सुरू झालं आणि तिथला पहिला गोल कोणी केला माहितीय? त्यानेच. त्याच सीझनला लीग पण जिंकले. म्हणजे घरी येऊन, जे राहिलं होतं ते पूर्ण करून, मग तो आपल्या अंधेरीला आला. पैशाची चणचण असलेला माणूस नव्हता तो बाबा, सदतिसाव्या वर्षीसुद्धा खेळायचं होतं म्हणून आलेला. पाच गोल केले आणि मुंबई सिटी पहिल्यांदा टेबलमध्ये वर राहिली, सेमीफायनलला कोलकात्यात रेड कार्ड मिळालं म्हणून अंधेरीतली परतीची मॅच त्याला खेळता आली नाही, ती ०-० सुटली आणि दोन्ही मॅच मिळून आपण ३-२ ने हरलो, तुम्ही त्या रात्री जेवला नव्हतात.

त्यानंतर हाँगकाँगचा किची क्लब, आणि २०१९ ला निवृत्ती. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, इथेच मॉन्टेव्हिडिओत टेनिसच्या व्यावसायिक स्पर्धेत डबल्स खेळला! हरला, पण जे टेनिस सुटलं होतं ते धरलं परत.

मागच्या शनिवारी मी पहिल्यांदा त्या नवीन स्टेडियमला गेले. शेजारी एक आजोबा होते, काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते (इथलं चहासारखं पेय), आणि त्यांचा चाळिशीतला मुलगा दर दहा मिनिटांनी त्यांच्या मानेभोवतीचा मफलर नीट करत होता. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की मी फोर्लानला मुंबईत बघितलंय, वडिलांसोबत, हॅट्रिक. आजोबांनी माझा हात धरला आणि मुलाला तीनदा सांगितलं, ही मुंबईची, हिने बघितलंय. आणि मग मला विचारलं, तुझे वडील कुठे असतात?

मला एकदम भरून आलं, उत्तर देताच आलं नाही.

म्हणून डिसेंबरमध्ये येतेय, तीन आठवडे, सुट्टी मंजूर झालीय, तिकीट काढून झालं की दादाला पाठवते. आई, उगाच फराळाचा घाट घालू नकोस, जिना चढउतर करू नकोस. बाबा, त्या मॅचचं तिकीट तुम्ही एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलेलं, ते शोधून ठेवा. परत येताना इकडे घेऊन येणारेय, त्या आजोबांना दाखवायचंय.

तुमची,
चिऊ