गाती झांकी चालवून तपासा

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, इंदूर

सादर नमस्कार.

अनंत चतुर्दशीच्या चल समारोहात, म्हणजे मिरवणुकीत, काही झांक्यांवर (गाडीवर मांडलेल्या सजवलेल्या देखाव्यांवर) माणसे बसून प्रत्यक्ष गातात, वाजवतात. त्यांच्यासाठी हे पत्र. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी ह्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. झांक्या काढणाऱ्या ह्या गिरण्यांच्या कामगारांनी त्या मात्र थांबवल्या नाहीत. त्या झांक्यांवर रेकॉर्ड न लावता जिवंत गाणे व्हावे असे आम्हाला मनापासून वाटते, आणि ते सुखरूप व्हावे म्हणून आमची एकच मागणी आहे. अशा गाडीला परवानगी देण्यापूर्वी तिची तपासणी चालत्या गाडीवर व्हावी. गायक-वादक वर बसलेले, सगळे दिवे लागलेले आणि अंधार पडलेला, अशा वेळी. उभ्या गाडीवर सगळेच ठीक दिसते. जे बिघडते ते चाक फिरल्यावर बिघडते.

सुरुवात ड्रायव्हरच्या डाव्या पायापासून करावी लागेल. मिरवणूक ताशी दोन-तीन किलोमीटरने सरकते. ट्रक पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता सोडला तरी त्याहून जोरात जातो. म्हणून ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून धरतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आणि दर खेपेला वर बसलेल्यांना एक हिसका बसतो. रात्रभर असे शेकडो हिसके. क्लच प्लेट तापली की आधी जळका वास येतो, मग पकड सुटते आणि नेमक्या चढावर गाडी मागे सरकते. ट्रॅक्टरला हाय-लोचा वेगळा दांडा असतो. 'लो'मध्ये पहिला गिअर टाकला की तो क्लचला पाय न लावता मिरवणुकीच्या चालीने जातो, म्हणून गाण्याच्या गाडीला ट्रॅक्टरच बरा. त्याच्या दोन खोडी मात्र तपासणाऱ्याने पाहिल्याच पाहिजेत. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर ते दोन्ही पॅडल खिटीने जोडलेले नसले, तर ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि ती बाजू गर्दीची असते. दुसरे, ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. वरचे सगळे वजन ट्रॅक्टरला मागून ढकलत असते. म्हणून झांकी पूर्ण लादून एकदा करकचून ब्रेक मारून पाहिल्याशिवाय गाडी पास करू नये.

त्या एका ब्रेकमध्ये मंचावर काय होते ते पाहण्यासारखे असते. गोल बुडाचा माइक स्टँड पुढे पडतो. हार्मोनियम प्लायवर वीतभर घसरते, तिचे झाकण उघडे असले तर ते वादकाच्या बोटांवर येते. तबला चुंभळीतून निसटतो. उभ्याने गाणाऱ्याचे दात माइकच्या जाळीवर आपटतात. ह्यातले काहीच अटळ नाही. हार्मोनियमखाली रबरी मॅट आणि चारी बाजूंनी दोन इंचांची पट्टी ठोकावी. तबला-डग्ग्यासाठी फळीला भोके पाडून चुंभळी त्यात बांधाव्यात. स्टँड प्लायमधून नट-बोल्टने आवळावेत, दोरीने नव्हे. वादकांनी शक्यतो मागे तोंड करून, पाठ पुढच्या फळीला टेकवून बसावे, म्हणजे ब्रेकचा धक्का पाठीवर विभागून येतो. उभा राहणार त्याच्या कमरेला बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट, आणि त्याची दोरी सजावटीच्या बांबूला न बांधता लोखंडी चौकटीला. बांबू फुलांचे वजन पेलतो, माणसाचे नाही.

आता वीज. आम्हाला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते.

गाडी रबरी टायरवर उभी असते, म्हणजे तिला अर्थिंग नसते. जनरेटरचा न्यूट्रल (वीज परत येण्याची वायर) कुठेच जोडलेला नसला तर ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) बसवूनही ती वेळेवर पडत नाही, कारण फॉल्टचा करंट परत जायला वाटच नसते. पहिला फॉल्ट गुपचूप राहतो. एखाद्या माळेची सोललेली वायर लोखंडी चौकटीला टेकलेली असते आणि सगळी झांकी झगमगत चालू असते. दुसरा फॉल्ट माणसाच्या अंगातून जातो. उपाय साधा आहे. जनरेटरवरच न्यूट्रल त्याच्या बॉडीला जोडायचा, बॉडी गाडीच्या चॅसीला आणि चॅसी झांकीच्या चौकटीला जाड तांब्याच्या वायरने जोडायची, आणि पुढे प्रत्येक सर्किटला 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवायची. मग टेस्टचे बटण दाबून ती खरोखर पडते का ते अधिकाऱ्याने स्वतः पाहावे. बटण दाबायला दोन सेकंद लागतात. गायकाला माइकवर ओठ लावताच झिणझिण्या येत असतील, तर माइकची आणि कीबोर्डची वीज बहुधा दोन वेगळ्या ठिकाणांहून आली आहे असे समजावे. ध्वनीची सगळी उपकरणे एकाच बोर्डावर हवीत.

ध्वनीचा जनरेटरही वेगळा हवा. मूर्ती फिरवणाऱ्या मोटारी सुरू होताना कित्येक पट करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसते आणि डिजिटल मिक्सर बंद पडून नव्याने सुरू होतो. तेवढा वेळ गायक मुका. सात-आठ माइक आणि चार बॉक्स एवढ्यासाठी 5 केव्हीएचा सायलेंट जनरेटर पुरतो, मिक्सरला छोटा यूपीएस द्यावा. जनरेटर मंचाखाली ठेवण्याची पद्धत मात्र बंदच झाली पाहिजे. इतक्या कमी वेगाला वारा धूर मागे नेत नाही. तो पडद्यांच्या आत कोंडतो आणि खोल श्वास घेणाऱ्या गायकाच्या छातीत सगळ्यात आधी जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, लय सुटते, लोकांना वाटते माणूस थकला. जनरेटर मागच्या वेगळ्या ट्रॉलीवर असावा आणि त्याचा धुराडा गाणाऱ्यांच्या डोक्याच्या वर जावा. डिझेल भरताना इंजिन बंद. आग विझवण्याचे, 6 किलोचे एबीसी पावडरचे एक आणि सीओ-टूचे एक सिलिंडर हाताशी असावे, सजावटीमागे नको.

भाद्रपदात पाऊस कधीही येतो. प्रत्येक जोड प्लायपासून वीतभर उंच टांगलेला हवा. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) तर पाणी आणि रंग मुद्दाम उडवतात, तिथे हे सगळे दुप्पट कसोशीने पाहावे लागेल. दमट हवेत तबल्याचा सूर उतरतो, पहाटे आणखी उतरतो. ते वादक सांभाळून घेतात, त्यासाठी प्रशासनाला तोशीस नको.

तारांसाठी नक्कीच हवी. झांकीची उंची कळसासकट, टायरमध्ये पूर्ण हवा भरून मोजावी. वाटेतली तार बांबूने उचलायला झांकीवर माणूस चढवतात, हे थांबवा. ओला बांबू वीज वाहून नेतो. वीज कंपनीच्या लाइनमनने आधी सगळ्या मार्गावरून त्या उंचीची काठी धरून फिरावे. नीची तार सापडली तर ती त्यानेच वर घ्यावी.

ध्वनीबद्दल दोन गोष्टी, आणि त्या बंदोबस्ताच्या हातातल्या आहेत. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. डीजेच्या गाडीपासून 10 मीटरवर 100 डेसिबल असतील, तर 20 मीटरवर 94, 40 मीटरवर 88 आणि 80 मीटरवर 82. सीतलामाता बाजार, खजुरी बाजार अशा दाटीत दोन्हीकडच्या भिंतींमुळे तो ह्याहूनही कमी उतरतो. 88 डेसिबलमध्ये गायकाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. तो मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगतो, माइक शिट्टी मारतो, घसा ताणला जातो. म्हणून गाणारी झांकी आणि डीजे ह्यांत निदान 80 मीटर अंतर असावे आणि गर्दी तुंबली तरी ते राखले जावे. कानांचेही पाहा. 85 डेसिबल आठ तास सोसवतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे. गाडीशेजारी बंदोबस्तावर उभ्या पोलिसांनाही इयरप्लग द्यावेत.

दुसरी गोष्ट ढोल-ताशा आणि लेझीम पथकांची. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 34 मीटर पुढे चालणाऱ्या पथकाला झांकीवरची सम एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हे मात्रेच्या पाचव्या हिश्शाइतके होते. पथक बिचारे ऐकू येते त्याप्रमाणेच वाजवते, आणि राजवाड्यासमोर लोकांना दोघेही बेताल वाटतात. पथक झांकीपासून 10 मीटरच्या आत राहिले तर हा फरक जाणवत नाही. तेव्हा 'पुढे चला' म्हणताना दोघांना एकत्र पुढे काढावे.

मौन क्षेत्र रुग्णालयाभोवती 100 मीटरचे असते. ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे रस्त्यावर ठळक लिहिले, तर गायक कडवे संपवून थांबू शकेल. ध्वनिक्षेपकाला रात्री 10 नंतर किती वाजेपर्यंत सूट आहे, हे परवानगीच्या कागदावरच असावे.

राहिली चाके. वळणावर ट्रॉलीची मागची चाके पुढच्यांपेक्षा आत कापतात. नंदलालपुरा आणि गोराकुंड इथे आतल्या बाजूला माणसे दाटलेली असतात, मुले खांद्यावर असतात. प्रत्येक चाकाजवळ एक माणूस चालत राहावा आणि दीड मीटरवर दोरीचे कडे असावे. त्या माणसांची शिट्टी गाण्यात ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या हाती लाल टॉर्च द्यावा आणि ड्रायव्हरच्या समोर मंचावरून लागणारा लाल दिवा बसवावा. उलट बाजूने, गाडी हलण्याआधी पाच सेकंद मंचावर पिवळा दिवा लागावा, म्हणजे उभा असलेला पकडून राहील आणि तबलजी डग्ग्यावर हात ठेवील.

हे सगळे एका संध्याकाळी तपासता येते. चतुर्दशीच्या दोन दिवस आधी चिमणबाग भागात 300 मीटरचा रस्ता दोन तास मोकळा करून द्यावा. त्यात एक वळण, एक गतिरोधक आणि एक करकचून ब्रेक असावा. वाहतूक पोलीस, वीज कंपनीचा लाइनमन आणि अग्निशमनचा एक जवान एवढी माणसे पुरेत. जी झांकी तो रस्ता गाणे न थांबवता पार करील, तिला तिथेच गाडीवर लावायला पास द्यावा. जी अडेल तिच्याकडे दुरुस्तीला दोन दिवस असतील. ट्रॅक्टर, जनरेटर, माइक, वादक सगळे आम्ही घेऊन येऊ. यंदाची तारीख आणि वेळ तेवढी आपल्या कार्यालयाकडून कळावी.

आपले नम्र,
इंदूरच्या झांक्यांवर गाणारे, वाजवणारे आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारे