कॉमोडसला मारले पैलवानाने

संपादक महोदय,

रविवारी ‘ग्लॅडिएटर’ची (२०००) डीव्हीडी घरी लावली, १५५ नव्हे, वाढीव १७१ मिनिटांची. मेहुण्यांना वाढीव भाग कंटाळवाणा वाटला. ते कडक भाकरी-शेंगाचटणी खात बसले, पुढचे राहूच द्या.

माझी तक्रार वेगळी. सिनेमात रोमन सम्राट कॉमोडस रिंगणात मरतो. प्रत्यक्षात इ.स. १९२ च्या शेवटच्या दिवशी नार्सिसस नावाच्या पैलवानाने त्याचा गळा आवळला. पैलवानाने! हे दाखवले असते तर आमच्या तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या.

एका गोष्टीला मात्र दाद देतो. सिनेमातले एक नट ऑलिव्हर रीड चित्रीकरण सुरू असतानाच, १९९९ मध्ये वारले. उरलेल्या प्रसंगांत दुसऱ्या माणसावर त्यांचा चेहरा संगणकाने बसवला. थिएटरात पळत्या चित्रात काय दिसणार? घरी रिमोटने थांबवून, मागे नेऊन, चष्मा पुसून चारदा पाहिले. तीस वर्षे टॉवेलच्या मागावर काढली आहेत, सुताची गाठ मी अंधारातही बोटाने शोधतो. ही गाठ सापडली नाही. मेहुणे म्हणतात सापडली, पण कुठे ते सांगत नाहीत.

– एक माग कामगार, अशोक चौक, सोलापूर