जुने संगणक तोलताना माप कोणते लावावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९८० च्या दशकातील घरगुती संगणकांच्या चाहत्यांमधील हाडवैर चार दशके उलटली तरी शमलेले नाही. कमोडोर ६४ चे नाव निघताच झेडएक्स स्पेक्ट्रमचा चाहता बाह्या सरसावतो आणि कमोडोरवालाही स्पेक्ट्रमच्या रबरी कळांची टवाळी केल्यावाचून राहत नाही. त्यांच्या भांडण्याला माझी हरकत नाही. ही यंत्रे ज्या मापाने तोलली जातात, ते माप मात्र मला खटकते.

प्रोसेसरच्या वेगाचेच पाहा. स्पेक्ट्रमचा झेड८० साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो आणि कमोडोरचा ६५१० जेमतेम एका मेगाहर्ट्झवर, एवढे सांगून निकाल लावला जातो. परंतु झेड८० ला अगदी साध्या आज्ञेलाही घड्याळाचे किमान ४ ठोके लागतात, तर ६५१० चे २ ठोक्यांत भागते. शिवाय कमोडोरमध्ये पडद्यावरची ८ हलती चित्रे आणि ३ स्वरांचा आवाज स्वतंत्र चिप सांभाळतात; स्पेक्ट्रमवर मात्र प्रत्येक चित्र पुसण्या-रेखाटण्यापासून भोंग्यातून आवाज काढण्यापर्यंतचे सारे काम एकट्या प्रोसेसरच्या गळ्यात पडते.

उलट बाजूने, स्पेक्ट्रमवर खेळातले पात्र रंगीत पार्श्वभूमीवरून सरकले की रंग शेजारच्या चौकोनात सांडतो, याची यथेच्छ थट्टा होते. तो रचनाकारांचा गलथानपणा खचितच नव्हता. २५६ × १९२ ठिपक्यांचे चित्र एका रंगात ठेवायला ६,१४४ बाइट लागतात. त्यावर ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनासाठी रंगाचा एकच बाइट धरला तर आणखी ७६८, म्हणजे एकूण ६,९१२. प्रत्येक ठिपक्याला १६ रंगांची मुभा द्यायची झाली असती, तर २४,५७६ बाइट लागले असते, आणि १२५ पौंडांच्या मूळ यंत्राची सगळी मेमरी होती १६ किलोबाइट! एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांत रंगीत संगणक द्यायचा, तर कुठेतरी हात आखडता घेणे भागच होते. त्याच वर्षी ५९५ डॉलरना बाजारात आलेल्या कमोडोर ६४ नेही काटकसर केलीच होती, फक्त ती दुसरीकडे होती: त्याच्या बेसिक या आज्ञाभाषेत रेघ किंवा वर्तुळ काढण्याची आज्ञाच नाही, त्यामुळे इतक्या गुणी चिपशी बोलायला मालकाला पोक (मेमरीत थेट आकडा लिहिण्याची आज्ञा) आणि आकड्यांचा आधार घ्यावा लागे. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये या आज्ञा होत्या. ही गोष्ट कमोडोरवाले सहसा काढत नाहीत.

पुढच्या पिढीतील अटारी एसटी आणि अमिगा यांच्या चाहत्यांचे निशाण-प्रेम तर मला गमतीचेच वाटते. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल १९८४ मध्ये ती कंपनी सोडून अटारीचा घरगुती संगणकांचा व्यवसाय विकत घेतात आणि एसटी बाजारात आणतात. इकडे अटारीच्या आधीच्या संगणकांच्या चिप घडवणारे अभियंते जे मायनर यांची अमिगा कमोडोरच्या नावाने विकली जाते. अशा परिस्थितीत अटारीनिष्ठ कोणी कोणाला म्हणायचे?

या वादात खेळांचे दाखलेही फार बेफिकिरीने दिले जातात. एसटीसाठी लिहिलेला खेळ थोड्याफार फेरफाराने अमिगावर आणण्याची रीत तेव्हा सर्रास होती, आणि अशा खेळात अमिगाच्या खास चिप बऱ्याचदा नुसत्या बसून राहत. तो खेळ मंद चालला तर दोष वेळ आणि पैसा वाचवणाऱ्या प्रकाशकाचा. त्यावरून यंत्राला नापास ठरवणे अन्यायाचे आहे.

जुन्या संगणकांवरील लेखांत आपण तुलनेचे तक्ते छापता, त्यांत मेगाहर्ट्झ आणि रंगांच्या रकान्यांशेजारी विक्रीचे वर्ष, त्या वेळची किंमत आणि मूळ मेमरी यांचेही रकाने असावेत, अशी विनंती आहे. खेळाचे चित्र छापताना तो मुळात कोणत्या संगणकासाठी लिहिला गेला होता, हेही खाली नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक