निर्बंधांतून काय वगळले, तेही छापा

महोदय,

सुदानमधील अल फाशर हे शहर ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेले, तेव्हा तेथील रस्त्यांवर पडलेले मृतदेह आणि रक्ताचे डाग उपग्रहांच्या छायाचित्रांतून जगभर पाहिले गेले. अशा घटनांनंतर एक युक्तिवाद हमखास वाचायला मिळतो. जागतिकीकरणामुळे जग जवळ आले आहे, त्यामुळे वंशसंहार लपून राहत नाही, आणि लपून राहत नाही म्हणून तो रोखणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, असा तो युक्तिवाद आहे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा मात्र पहिल्यातून निघत नाही.

(मराठी वृत्तपत्रांत ‘नरसंहार’ आणि ‘वंशसंहार’ हे शब्द आलटून पालटून वापरले जातात. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात गुन्ह्याचा गाभा मृतांच्या संख्येत नसून, एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूत आहे. म्हणून मी येथे ‘वंशसंहार’ हा शब्द वापरतो.)

माहितीचा अभाव १९९४ मध्येही नव्हता. रवांडातील संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती रोमियो दालेअर यांनी हत्याकांड सुरू होण्याच्या तीन महिने आधीच, जानेवारीत, न्यूयॉर्कला इशारा पाठवला होता. एप्रिलमध्ये कत्तली सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ती फौज वाढवली नाही. २१ एप्रिलच्या ठरावाने ती सुमारे २७० जणांपर्यंत खाली आणली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि अमेरिकी प्रशासन या काळातील बराच वेळ ‘वंशसंहार’ हा शब्द टाळण्यात गुंतले होते. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर प्रदेशाबाबत तोच शब्द अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर उघडपणे उच्चारला आणि त्यामुळे काही नवी कृती करावी लागते असे नाही, हेही त्याच निवेदनात सांगितले. पूर्वी शब्दाचे भय होते ते कृतीच्या भीतीपोटी. शब्द आणि कृती यांची फारकत झाल्यावर ते भयही उरले नाही.

म्हणून एखाद्या राष्ट्राचा प्रतिसाद जोखायचा असेल, तर त्याने कोणत्या शब्दांत निषेध केला यापेक्षा त्याने कशाला सूट दिली हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. आज कोणतेही मोठे राष्ट्र दुसऱ्याशी शेकडो व्यवहारांनी बांधलेले असते. ते सगळे एकाच वेळी तोडणे कोणालाच परवडत नाही, म्हणून काय तोडायचे आणि काय वगळायचे याची यादी करावी लागते. आणि त्या यादीत कोणाचे काय अडकले आहे ते निवेदनापेक्षा अधिक प्रामाणिकपणे नोंदलेले असते.

सुदानी डिंकाचे उदाहरण यासाठी मला सर्वांत बोलके वाटते. एका जातीच्या बाभळीपासून मिळणारा हा डिंक शीतपेये, मिठाया आणि औषधे यांत वापरला जातो आणि सुदान हा त्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर व्यापक व्यापारी निर्बंध लादले, परंतु उद्योगांच्या आग्रहामुळे डिंक त्यातून वगळला गेला. पुढे दारफूर पेटले, शब्द उच्चारला गेला, निर्बंध आणखी कडक झाले, तरी डिंकाची सूट कायम राहिली. २००७ मध्ये सुदानच्या वॉशिंग्टनमधील राजदूतांनी पत्रकार परिषदेत शीतपेयाची बाटली दाखवून डिंकाचा पुरवठा थांबवता येईल असे सूचित केले. त्यावर बरीच टवाळी झाली. माझ्या मते त्या दिवशी परस्परावलंबन म्हणजे काय, हे त्या राजदूतांना त्यांच्या टीकाकारांपेक्षा नेमके कळले होते. डिंक गोळा करणारी कुटुंबे गरीब आहेत आणि त्यांच्या पोटावर पाय येऊ नये, हा सूट देण्यामागचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु इतर मालाच्या उत्पादकांनाही पोट असतेच आणि त्यांच्यासाठी कोणी रदबदली केली नाही.

तेलाच्या बाबतीत यादीचीही गरज पडली नाही. सुदानच्या दक्षिण भागातील युद्धामुळे झालेल्या टीकेनंतर टॅलिस्मन या कॅनडाच्या कंपनीने तेथील तेलप्रकल्पातला आपला २५ टक्के हिस्सा विकला आणि २००३ मध्ये तो ओएनजीसी विदेश या भारतीय कंपनीने घेतला. चीनच्या सरकारी कंपनीचा हिस्सा त्याहून मोठा होता आणि तो जागच्या जागी राहिला. कोणी नैतिक कारणाने बाहेर पडले, तर जागतिक बाजारात ती जागा फार काळ रिकामी राहत नाही.

चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिमांविषयीही असेच झाले. तेथे जे घडले त्याला अमेरिकेने २०२१ मध्ये वंशसंहार म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ असू शकतात एवढेच म्हटले आणि चीन दोन्ही आरोप फेटाळतो. अमेरिकेने त्या प्रांतातील माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असे गृहीत धरून तो अडवणारा कायदा केला. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावर टाकणारा हा कायदा खरोखर कडक आहे. मात्र आठशे डॉलरपर्यंतची पार्सले शुल्काविना आणि जुजबी तपशिलावर देशात येत राहिली. कायदा त्यांनाही लागू होता, पण त्यांतील स्वस्त कपड्यांचा कापूस कुठला, हे तपासणार कोण? ती सवलत चीनच्या मालापुरती मे २०२५ मध्ये संपली, तीही उइगुरांसाठी नव्हे, आयातशुल्काच्या भांडणात. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या अहवालावर केवळ चर्चा घेण्याचा प्रस्ताव मानवाधिकार परिषदेत १९ विरुद्ध १७ मतांनी फेटाळला गेला आणि भारतासह ११ राष्ट्रे तटस्थ राहिली.

वगळण्याची ही रीत कायद्यातही आहे, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. १९४८ च्या करारातील नवव्या कलमानुसार एक राष्ट्र दुसऱ्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये गाम्बिया या पश्चिम आफ्रिकेतील छोट्या राष्ट्राने रोहिंग्यांच्या बाबतीत म्यानमारविरुद्ध दावा दाखल केला. ज्याची स्वतःची हानी झालेली नाही अशा राष्ट्रालाही हा दावा करता येतो, हे न्यायालयाने मान्य केले, आणि जागतिकीकरणाचा खरा लाभ मला दिसतो तो येथे, कारण कर्तव्य सगळ्यांचे आहे हे तत्त्व कागदावरून न्यायालयापर्यंत पोहोचले. पण दावा उभा राहू शकला तो म्यानमारने करार स्वीकारताना नववे कलम वगळले नव्हते म्हणून. मार्च २०२५ मध्ये सुदानने संयुक्त अरब अमिरातीवर आरएसएफला मदत केल्याचा आरोप करून त्याच न्यायालयाचे दार ठोठावले. अमिरातीने आरोप नाकारला. त्या देशाने हे कलम वगळूनच करार स्वीकारलेला असल्यामुळे आरोपांच्या खरेखोटेपणात न शिरताच न्यायालयाने मे महिन्यात प्रकरण यादीतून काढून टाकले. त्याआधी जानेवारीत अमेरिकेने आरएसएफने वंशसंहार केल्याचे जाहीर करून अमिरातीत नोंदलेल्या, आरएसएफशी संबंधित सात कंपन्यांवर निर्बंध घातले होते. त्या देशाशी असलेल्या शस्त्रव्यवहारांना मात्र हात लावला नाही.

अमिरातीला नावे ठेवताना आपणही सावध असावे. १९५९ मध्ये हा करार मान्य करताना भारताने असा वाद न्यायालयात नेण्यास प्रत्येक वेळी सर्व पक्षांची संमती लागेल अशी अट नोंदवली आहे, आणि अमेरिकेने १९८८ मध्ये तशीच अट घातली. सुमारे चाळीस वर्षे करारापासून दूर राहून शेवटी तो स्वीकारताना जगातील सर्वांत प्रभावी लोकशाहीने आधी दार बंद करून घेतले, याची चर्चा व्हायला हवी होती.

अन्न, औषधे आणि मदतकार्य निर्बंधांतून वगळलेच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. माझी विनंती आपल्या वृत्तपत्रापुरती आहे. एखाद्या राष्ट्रावर निर्बंध लादल्याची बातमी आपण बहुधा पहिल्या पानावर छापता आणि तिच्यात निषेधाची वाक्ये सविस्तर असतात. त्या आदेशात कोणता माल, कोणती बँक, कोणती कंपनी वगळली आहे, हे सांगणारी चौकट त्याच बातमीखाली द्यावी. ही माहिती संबंधित सरकारांच्या आदेशांत जाहीरच असते.

आपला,
एक नियमित वाचक