गोचिडांचा बंदोबस्त कुत्र्यापुरता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की इंदूरच्या जुन्या वाड्यांतून आणि नव्या बहुमजली इमारतींतून एकच तक्रार ऐकू येते. घरातल्या कुत्र्याला औषध लावले, गोचीड गळून पडले आणि काही आठवड्यांत पुन्हा तितकेच दिसू लागले. मग औषध बनावट असावे असे ठरवून दुकान बदलले जाते आणि आधीपेक्षा जहाल काहीतरी आणले जाते. माझ्या मते यात बहुतेक वेळा औषधाचा दोष नसतो. आपण उपचार करतो कुत्र्यावर आणि गोचीड राहत असतो आपल्या भिंतीत. त्यामुळे घर, अंगण आणि शेजार यांचा विचार एकत्र केल्याशिवाय हा उपद्रव थांबत नाही. हे सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र.

शहरातल्या कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारा तपकिरी गोचीड गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडापेक्षा वेगळ्या सवयीचा आहे. गुरांवरचा गोचीड एकदा जनावराच्या अंगावर चढला की तिथेच कात टाकत वाढतो. तपकिरी गोचीड मात्र आयुष्यात तीन अवस्थांत रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरल्यावर खाली उतरून आडोसा शोधतो. वाटाण्याएवढी फुगलेली मादी भिंत चढून जाते आणि दाराच्या चौकटीमागे, गिलाव्याच्या भेगेत, तसबिरीच्या पाठीमागे किंवा छताच्या कोपऱ्यात हजारांच्या संख्येने अंडी घालून मरते. हा जीव वर चढतो हेच ठाऊक नसल्यामुळे फवारणी फरशीवर होते आणि अंडी डोक्याच्या उंचीवर सुरक्षित राहतात. शिवाय प्रौढ गोचीड रक्ताविना कित्येक महिने तग धरतो, आणि घरातली कोरडी हवा त्याला मानवते. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या, अंगण नसलेल्या फ्लॅटमध्येही त्याचे संपूर्ण जीवनचक्र पार पडू शकते. कुत्रा गवतात जातच नाही, मग गोचीड आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा याच भिंतींत असते.

पिसवांची गोष्ट थोडी निराळी, पण निष्कर्ष तोच. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम वीसाव्या हिश्श्याइतक्या असतात, बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत सतरंजीत, सोफ्याच्या शिवणीत आणि कुत्रा-मांजर झोपते त्या जागेच्या आसपास पडलेल्या असतात. कोषावर तर बहुतेक कीटकनाशकांचा परिणाम होत नाही. आत तयार झालेली पिसू बाहेर पडण्यासाठी हादरे, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची वाट पाहत थांबते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे लग्नकार्यासाठी किंवा सुट्टीत पुण्याला, मुंबईला जाऊन येतात आणि कुलूप उघडल्याबरोबर पायांवर पिसवा उड्या मारतात, त्याचे कारण हेच आहे. रिकाम्या घरात त्या नव्याने आलेल्या नसतात, आपल्या पावलांनी त्या जाग्या होतात. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर किंवा कडक झाडणी हा येथे खरोखरीचा उपचार आहे. त्याने अंडी उचलली जातात आणि कोषातल्या पिसवा बाहेर पडून औषधाच्या टप्प्यात येतात. गोळा झालेला कचरा मात्र पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर जायला हवा.

करायचे ते सगळे एकाच आठवड्यात व्हावे, एवढा माझा आग्रह आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने घरातल्या प्रत्येक प्राण्याला, ज्याच्यावर एकही कीटक दिसत नाही त्यालासुद्धा, त्याच्या जातीनुसार व वजनानुसार औषध द्यावे. हल्ली महिनाभर किंवा सुमारे तीन महिने प्रभावी राहणाऱ्या खाण्याच्या गोळ्या मिळतात आणि त्या उपयुक्त आहेत. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके येऊन गेले आहेत, त्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे. प्राण्यांची अंथरुणे कडकडीत गरम पाण्यात धुवावीत, भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवाव्यात, अंगणातला पाचोळा, जुन्या विटा आणि गोणपाटांचे ढीग हलवावेत, आणि घरात वापरण्यासाठीच परवानगी असलेले कीटकनाशक खालपासून वरपर्यंतच्या फटींत फवारून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे. घरात माशांची टाकी असेल तर ती झाकून हवेचा पंप बंद ठेवावा, कारण अशी बरीचशी कीटकनाशके माशांसाठी अत्यंत घातक असतात. उरलेले द्रावण गटारात ओतले तर तेच शहरातल्या कान्ह आणि सरस्वती नद्यांत जाते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चुकीच्या विषांची. गमेक्सिन या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या भुकटीतले मूळ रसायन, बीएचसी, आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे आणि त्याचेच शुद्ध रूप असलेल्या लिंडेनच्या वापरावर २०१३ पासून बंदी आहे. तरीही पांढऱ्या भुकटीच्या पुड्या मागणारे आणि देणारे दोन्ही भेटतात. गुरांच्या गोठ्यासाठीचे तीव्र औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या पिलांना त्यात आंघोळ घातली जाते. आमच्या भागात एका घरी कुत्र्यासाठी आणलेले मानेवर टाकायचे थेंब मांजरालाही टाकण्यात आले. घरात मांजर आहे का, हे विकणाऱ्याने विचारले नव्हते. थोड्याच वेळात त्या मांजराला थरथर आणि झटके सुरू झाले आणि ते वाचले नाही. कुत्र्यांच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. अशा औषधावर मांजरासाठी निषिद्ध असल्याची सूचना बारीक अक्षरात असून भागत नाही, ती काउंटरवर तोंडाने सांगितली गेली पाहिजे. लसूण खाऊ घालण्याचा जो सल्ला मोबाइलवर फिरतो, तोही कोणी पाळू नये. लसूण व कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात.

चिकटलेला गोचीड काढताना रॉकेल, पेटती काडी किंवा नखांनी चिरडणे ही आपल्याकडची रीत सोडायला हवी. त्याने गोचिडाच्या पोटातला द्रव जखमेत जाण्याचा धोका वाढतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावा. कुत्रा ताप येऊन अन्न सोडू लागला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले, पोटावर लाल ठिपके उठले किंवा लघवी तांबूस झाली, तर अंगावर गोचीड दिसो वा न दिसो, रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमुळे होणारे आजार वेळेवर ओळखले तर बरे होतात. गोचीड माणसालाही चावतो. त्यानंतर ताप आणि पुरळ आल्यास गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हे सर्व एका घराने केले आणि गल्लीतल्या कुत्र्यांकडे कोणी पाहिले नाही, तर त्या घराची मेहनत फार काळ टिकत नाही. या शहराला सामुदायिक स्वच्छतेची जुनी परंपरा आहे. प्लेगच्या दिवसांत होळकर दरबाराने बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांनी दिवाळीच्या सुमाराला नागरिकांना घरे साफ करायला लावून मिरवणूक काढली होती आणि तिच्यात प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिकृती होती. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे त्यांना चौकात सर्वांना दाखवायचे होते. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरला आजही असे काम अवघड नाही.

नगर निगमाकडे माझी विनंती अशी की नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी जी कुत्री पकडली जातात, त्यांना सोडण्यापूर्वी गोचीड-पिसवांवरचे औषधही द्यावे, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर वसाहतवार मोहीम घ्यावी. महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन रविवारची शिबिरे घेता येतील. रहवासी संघांनी आपल्या भागातल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांचीच मदत घ्यावी, कारण भटके कुत्रे ज्यांच्या हातून अन्न घेते, त्यांच्याच हातून गोळीही खाते. आणि औषध दुकानदारांनी प्रत्येक ग्राहकाला दोन प्रश्न विचारावेत: प्राण्याचे वजन किती, आणि घरात मांजर आहे का?

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर